घाटाचा राजा

रविवारी सकाळी सात वाजता बी विंगच्या पार्किंगमध्ये एक गाडी सुरू होते आणि बराच वेळ कुठेही जात नाही. मालक बॉनेटपाशी मान तिरकी करून उभा असतो, वैद्यबुवांनी नाडीवर बोट ठेवावं तसा. दूधवाला येऊन जातो, पेपरवाला येऊन जातो. वॉचमनने पहिल्याच महिन्यात एकदा विचारलं होतं, "साहेब, बंद पडली काय?" त्यावर थंड इंजिन, घट्ट ऑइल आणि टर्बोची बेअरिंगं या विषयांवर त्याला जे काही ऐकावं लागलं, तेव्हापासून सातच्या सुमाराला त्याचा राउंड ए विंगकडे असतो.

या गृहस्थांना सोसायटीत टॉर्कराव म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

टॉर्कराव कोथरूडचे असले तरी एकटे नाहीत. नाशकात कॉलेज रोडला एक आहेत, ठाण्यात घोडबंदरला दोन-तीन आहेत, कोल्हापुरात तर हाक मारली की चार जण वळून बघतील. वय चाळीस ते पन्नास, नोकरी बरी, घराचे हप्ते अजून आठ वर्षं, कोलेस्टेरॉल काठावर. हॉटेलात टेबलावर किल्ली ठेवताना गाडीचं चिन्ह वर येईल अशी ठेवतात. गाडी लावून निघाले की दहा पावलांवर एकदा मागे वळून बघतात. लॉक झाली का ते बघायला नव्हे, नुसतंच. तुम्ही-आम्ही महाबळेश्वरला जातो, टॉर्कराव 'पसरणी करतात'. तुम्ही-आम्ही कोकणात जातो, टॉर्कराव 'ताम्हिणी मारतात'. घाट संपल्यावर जे गाव लागतं ते त्यांच्या लेखी गाडी वळवायची जागा.

त्यांची गल्लत एसयूव्हीवाल्याशी करू नये. एसयूव्हीवाल्याला उंचावर बसायचं असतं आणि खालच्यांकडे बघायचं असतं. टॉर्करावांना जमिनीलगत बसायचं असतं. आणि ॲव्हरेजवाल्याशी तर त्यांचा उभा दावा. 'कितना देती है' ही जाहिरात ज्या देशात लोकांना आपल्याच घरातली वाटली, त्या देशात आपण जन्मलो हे त्यांचं जुनं दुःख आहे.

या दुःखाचं मूळ अण्णांमध्ये, म्हणजे टॉर्करावांच्या वडिलांमध्ये आहे. अण्णांकडे बजाज चेतक होती. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावणारी ही स्कूटर सकाळी सुरू करायची तर आधी आपल्या अंगावर तिरकी करून घ्यावी लागे, मग दोन-चार किका. अण्णा चालवायला, पुढे फूटबोर्डवर टॉर्कराव, मागे आई एका बाजूला पाय सोडून, तिच्या मांडीवर धाकटी बहीण आणि स्टेपनीला पिशवी. एका चेतकवर अख्खं कुटुंब आणि वळणावर सगळ्यांनी मिळून कलायचं. स्पोर्टी फॅमिली गाडी ही कल्पना जर्मनीतून आली असं टॉर्कराव मानतात. चेतकचं नाव त्यांच्या इतिहासात येत नाही. पुढे अण्णांनी सेकंडहँड मारुती ८०० घेतली. ७९६ सीसीचं ते गुणी इंजिन अण्णांनी उतारावर कधी चालूच ठेवलं नाही. खंबाटकी चढून झाली की न्यूट्रल, किल्ली बंद, आणि शिरवळच्या बाजूने उतरताना 'बघा, फुकटात चाललोय' असं दर वेळी मोठ्याने.

त्याच काळात कॉलेजातले टॉर्कराव रद्दीच्या दुकानातून गाड्यांची जुनी मासिकं आणत आणि नव्या नावांनी झपाटून जात. १९९९ साली फोर्ड आयकॉन आली, तिला 'जोश मशीन' म्हणत. २००० मध्ये होंडा सिटीचं व्हीटेक आलं, दीड लिटरच्या इंजिनात शंभराच्या वर अश्वशक्ती. २००१ मध्ये फियाट पालिओ आली, जाहिरातीला साक्षात सचिन. तिचं १.६ चं इंजिन सगळ्यांना आवडलं, आणि पेट्रोल किती पितं ते ऐकून बहुतेकांनी १.२ घेतलं. टॉर्करावांनी यातली एकही घेतली नाही. तेव्हा त्यांच्याकडे सायकल होती, तिला त्यांनी गिअर बसवून घेतले होते.

तेव्हा २०१३ साली फोक्सवागनची पोलो जीटी टीएसआय आली, तिच्यामागे असा कितीतरी वर्षांचा साठा होता. ११९७ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरांचा डीएसजी गिअरबॉक्स. किंमत एक्स-शोरूम आठ लाखांच्या आसपास. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे गाडी चाकणची! टॉर्करावांना हा नियतीचा संकेत वाटला.

घरच्यांना वाटला नाही. त्या पैशांत ऐसपैस डिकीची सेडान येत होती. बैठक बसली. आईंची अट एकच: बसता-उठता आलं पाहिजे. बायकोच्या अटी दोन: एअरबॅगा आणि डिकी. टॉर्करावांनी लॅपटॉपवर तक्ता दाखवला. त्यात सगळ्यात वरची ओळ 'फॅमिली' होती, ठळक अक्षरांत. मजबूत पत्रा, जड दार, घट्ट ब्रेक. दार लावल्यावर 'धप्प' असा आवाज येतो तो त्यांनी शोरूममध्ये आईंना तीनदा ऐकवला. आई म्हणाल्या, "बँकेच्या लॉकरसारखं वाटतं." हा होकार धरण्यात आला. दहा सेकंदांच्या आत शून्यावरून शंभरावर जाते, ही ओळ तक्त्यात नव्हती.

(पुढे २०१६ मध्ये त्याच पोलोचं जीटीआय हे खरंखुरं तिखट रूप भारतात आलं. १९२ पीएस, किंमत सव्वीस लाखांच्या घरात, दारं मात्र बाजूला दोनच. टॉर्करावांनी नुसतंच म्हणून आईंना मोबाइलवर फोटो दाखवला. आईंनी चष्मा वर-खाली करून विचारलं, "मागचं दार कुठाय रे?" विषय तिथेच मिटला.)

गाडी आल्यावर टॉर्कराव लिहिते झाले नाहीत, बोलते झाले. 'ड्रायव्हिंग इम्प्रेशन' हा त्यांचा खास साहित्यप्रकार. तो लग्नाच्या पंगतीत, दहाव्याच्या घाटावर, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, कुठेही सादर होतो. सुरुवातीला कथा येते, पोथीतल्यासारखी: १९७४ च्या सुमाराला वोल्फ्सबुर्गला फोक्सवागनच्या मूठभर माणसांनी वरच्यांना फारसं न सांगता साध्यासुध्या घरगुती गोल्फची स्पोर्टी जीटीआय करायला घेतली. १९७५ ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती दाखवली, १९७६ ला विकायला काढली. ११० पीएस, वजन आठशे किलोंच्या आसपास. पाच हजार खपल्या तरी पुष्कळ, असा कंपनीचा अंदाज. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त खपल्या. आतल्या सीटना स्कॉटिश चौकड्यांचं कापड आणि गिअरच्या दांड्याला गोल्फचा चेंडू, या दोन्ही कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या बाईंच्या.

"म्हणजे लोकांच्या लक्षात राहिलं ते बाईनेच केलेलं," बायको म्हणाली.

"चौकड्यांचं म्हणजे आपल्या चादरीसारखं का रे?" आईंनी विचारलं.

पोथी झाली की विज्ञान. टॉर्कराव हे नाव ज्या प्रसंगावरून पडलं तो गणपतीतला आहे. आरती झाली, प्रसाद वाटायचा होता, आणि कुणीतरी सहज विचारलं की एवढं टॉर्क टॉर्क करता ते काय असतं. टॉर्करावांनी मोदकाचं ताट खाली ठेवलं. एक मीटर लांबीचा पाना घ्या, म्हणाले, आणि त्याच्या टोकाला अठरा किलोंचं वजन लटकवा. नटाला जो पीळ बसतो, तेवढा टॉर्क आपल्या गाडीत आहे, आणि तोही दीड हजार आरपीएमपासूनच. अश्वशक्ती म्हणजे तो पीळ किती भराभर देता येतो ते. एक पीएस म्हणजे पंचाहत्तर किलो एका सेकंदात एक मीटर उचलणं. तेव्हा आपली गाडी एका सेकंदात सात हजार आठशे पंचाहत्तर किलो... "टॉर्क म्हणजे थोडक्यात बरणीचं झाकण फिरवायची ताकद," त्यांनी समारोप केला. बायकोने आतून लिंबाच्या लोणच्याची बरणी आणून हातात दिली. झाकण निघालं नाही. ते शेवटी शेजारच्या काकूंनी, कडेला चमचा लावून, काढलं.

ही गाडी कशी चालते, हे मात्र टॉर्कराव खरंच सुरेख सांगतात. हसायचं तिथे हसावं, पण माणसाला त्यातलं कळतं. टर्बो म्हणजे काय, तर धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वाफाऱ्यावर एक भिंगरी फिरते, मिनिटाला लाखाच्या वर फेरे, आणि तिच्याच दांड्यावरची दुसरी भिंगरी इंजिनात जास्तीची हवा कोंबते. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून बाराशे सीसीत मोठ्या इंजिनाचा जोर. पाय दाबल्यावर भिंगरीला वेग यायला जो क्षण लागतो त्याला लॅग म्हणतात. "तो क्षण," टॉर्कराव आवाज खाली आणून सांगतात, "झोपाळा मागे जाऊन थांबतो ना, तसा असतो." डीएसजी गिअरबॉक्सात दोन क्लच, एकाकडे एक-तीन-पाच-सात, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. तिसरा चालू असतानाच चौथा तयार होऊन बसलेला. स्वयंपाकघरात एक पोळी तव्यावर असताना दुसरी लाटून तयार असते, तसं. ही उपमा त्यांना स्वतःला सुचली आहे आणि त्यांनी आयुष्यात एकही पोळी लाटलेली नाही.

अडचण एवढीच की हा सगळा जोर काढायचा कुठे? शून्यावरून शंभरावर जायला आदर्श परिस्थितीतसुद्धा सव्वाशे-दीडशे मीटर मोकळा रस्ता लागतो आणि मग थांबायला आणखी चाळीस-पन्नास. कोथरूडमध्ये दीडशे मीटरांत एक सिग्नल, दोन स्पीडब्रेकर, खोदलेला चर आणि मोबाइलवर बोलत रस्ता ओलांडणारे एक आजोबा येतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर तीन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंद आणि मध्ये दहा सेंटिमीटर उंच असावा, अंगावरून हात फिरवल्यासारखा. टॉर्करावांच्या गल्लीतला स्पीडब्रेकर कुणीतरी वरवंटा आडवा ठेवून वर डांबर ओतल्यासारखा आहे. तिथे ते गाडी तिरकी करतात, एक-एक चाक वेगळं उतरवतात, मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खातात. अण्णांची चेतक सुरू होताना तिरकी व्हायची, यांची पोलो चालताना होते.

तिरकी करावी लागण्याचं कारण टायर. गाडीबरोबर १८५/६० आर १५ आले होते. हा आकडा टॉर्करावांच्या डोळ्यांत सलला. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी आणि ६० म्हणजे त्या रुंदीच्या साठ टक्के उंचीची रबरी भिंत. त्यांनी रिम सोळा इंची अलॉय करून १९५/५५ टाकले. भिंत एकशे अकरा मिलिमीटर होती, ती एकशे सात झाली. या चार मिलिमीटरनी वळणावर गाडी 'बोलायला लागली' असं ते म्हणतात. पहिल्या पावसाळ्यात, डबक्याखाली लपलेल्या खड्ड्यात, एका टायरच्या भिंतीला लिंबाएवढा फुगाही आला.

पंक्चरवाला खेड तालुक्यातला. फुग्यावर बोट दाबत त्याने विचारलं, "किती सेकंदात जाती शंभरावर?" असा प्रश्न विचारणारा माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भेटला होता, टॉर्कराव स्टुलावर बसलेच. पंक्चरवाला म्हणाला, "आमच्याकडं बी सेकंदावरच असतंय. बैलगाड्यांचं. बारी सुटली की घड्याळ लावत्यात." पुणे जिल्ह्यात बैलगाडा जिथे पळतो त्या चढाच्या धावपट्टीलाच घाट म्हणतात. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बंद केलेल्या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये घटनापीठानेही मान्यता दिली, तेव्हापासून खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळात यात्रांचा हंगाम परत भरात आला आहे. "आमच्या चुलत्याची बैलं हायेत. वर्षभर दूध, अंडी. काम काय न्हाय. पळायची तेवढी काही सेकंद," पंक्चरवाला म्हणाला. मग गाडीकडे बघून, "तुमची बी तशीच दिसती." टॉर्करावांना यात अपमान दिसला नाही. सगळ्यांत कमी वेळात येतो त्याला घाटाचा राजा म्हणतात, हे ऐकून तर ते घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

बैलाच्या खुराकासारखाच गाडीच्या खुराकाचा प्रश्न आहे. पुण्याच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. सकाळी फिरायला जाणारे त्या टेकडीलाच एआरएआय म्हणतात. कंपन्या ज्या मायलेजची जाहिरात करतात ते अशाच प्रयोगशाळेत ठरतं. तिथे गाडी रुळांवर उभी, चाकं जागच्या जागी फिरतात, ना सिग्नल, ना खड्डा, ना शेजारी बसून 'हळू' म्हणणारं कुणी. तिथे या गाडीला लिटरला सतराच्या वर मिळाले होते. टॉर्करावांना दहा मिळतात. घरी ते तेरा सांगतात.

बायकोला खरं माहीत आहे, कारण पंपाच्या पावत्या तीच ठेवते. दुसरं एक कारण आहे, ते टॉर्कराव कुणाला सांगत नाहीत. ते स्वतः आठवडाभर हिंजवडीला कंपनीच्या बसने जातात. सोमवार ते शुक्रवार गाडी बायको चालवते: मुलाची शाळा, तिची बँक, मंडई, आईंचे डॉक्टर. मीटरवर जे पंचाण्णव हजार किलोमीटर झालेत त्यातले निम्म्याहून जास्त तिचे. तिला लिटरला चौदा मिळतात. तिला गाडीबद्दल विचारलं तर ती सांगते, "बरी आहे. एसी पटकन गार होतो."

गाडीबद्दल घरात आणखी दोन मतं आहेत. मुलगा अकरा वर्षांचा; त्याला जगातल्या प्रत्येक गाडीचा शून्य-ते-शंभर तोंडपाठ आहे आणि प्रत्येक घाटात त्याला गाडी लागते. आईंचं मत एका वाक्याचं आहे आणि इतक्या वर्षांत त्यात बदल नाही: "गाडी चांगली आहे, पण चालते फार."

एक्स्प्रेस वेवर टॉर्कराव हल्ली रमत नाहीत. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, शंभरच्या मर्यादेने गेलं तर सत्तावन्न मिनिटं, एकशेवीसने गेलं तर सत्तेचाळीस. ही वाचलेली दहा मिनिटं फूडमॉलला वड्याच्या रांगेत जातात, असं बायकोने एकदा घड्याळ लावून सिद्ध केलं. आता तर जागोजाग कॅमेरे आहेत, आणि गाडी घेताना घाईत मोबाइल नंबर बायकोचा दिला गेल्यामुळे दंडाचा मेसेज टॉर्कराव घरी पोचायच्या आत तिच्याकडे पोचतो. एक मावसभाऊ श्टुटगार्टला आहे. तो जर्मन हायवेवरच्या 'वेगमर्यादा संपली' या पाटीचे फोटो पाठवतो. टॉर्कराव त्याला दिवाळीच्या शुभेच्छा एक दिवस उशिरा देतात.

उरतो तो घाट.

गेल्या फेब्रुवारीत स्ट्रॉबेरीचं निमित्त करून पसरणी करायचं ठरलं. पहाटे साडेपाचला निघाले, कारण रिकामा घाट हवा. डिकीत एक बॅग बसेना तेव्हा ती आईंच्या पायाशी गेली. कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोल, शिरवळ. खंबाटकी म्हणजे नुसता घसा साफ करणं. सुरूर फाट्याला वळून वाई सोडली आणि टॉर्करावांनी गिअरचा दांडा 'डी'वरून 'एस'वर ओढला. गाडीचा स्वर चढला. मागे मुलाने खिडकीची काच खाली घेतली आणि आईंनी पर्समधली प्लॅस्टिकची पिशवी उघडून मांडीवर ठेवली. दोघांचाही यात सराव होता.

"वळणाच्या आधी ब्रेक, वळणावर नाही," टॉर्कराव सांगत होते. "आता बघ, इथून पाय सैल करायचा, म्हणजे नाक आपोआप आत येतं. काय पकड आहे! स्टेअरिंग बोलतंय, ऐकू येतंय का?" ऐकू येत नव्हतं, कारण मागे वेगळाच आवाज येत होता. गाडी कडेला घेतली. मुलाला पाणी दिलं, आणि तो तोंड पुसत असताना त्याला शास्त्रही दिलं. कानाच्या आत तोल सांभाळणारं एक यंत्र असतं. त्याला हालचाल कळते, पण डोळ्यांना समोर सीटची पाठच दिसत राहते. दोघांचं जमेना झालं की पोट ढवळतं. चालवणाऱ्याच्या हाताला वळण आधीच ठाऊक असतं, म्हणून ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही. "थोडक्यात," टॉर्कराव म्हणाले, "ज्याला गाडी कळते त्याला ती लागत नाही."

मुलाने मान डोलावली आणि पुन्हा पिशवीकडे वळला.

भिलारला स्ट्रॉबेरीचा मळा बघायला उतरले. मालकाने सांगितलं होतं, गादीवाफ्यांवर पाय देऊ नका, मधल्या सरीतून चाला. टॉर्कराव गाडीचा फोटो काढत मागे मागे जात होते. मागे डोंगर, पुढे स्ट्रॉबेरी, मध्ये लाल गाडी, अशी चौकट जमत आली होती, आणि दवाने ओल्या मल्चिंग पेपरवरून उजवा पाय सटकला. घोटा बघता बघता टम्म फुगला. पाचगणीच्या डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगून पट्टा बांधला आणि पाय आडवा ठेवायला सांगितलं.

पाय आडवा ठेवायची जागा गाडीत एकच होती. मागची सीट.

अशी बसायची नवी मांडणी झाली. मागे टॉर्कराव, त्यांचा पाय मुलाच्या मांडीवर, मधल्या फटीत बॅग. पुढे डावीकडे आई. स्टेअरिंगवर बायको, तिने सीट पुढे घेतली, आरसे बदलले, आणि दांडा 'डी'वर ठेवला.

"घाटात एस लाव," मागून आवाज आला.

"बरं," ती म्हणाली आणि लावला नाही.

उतार सुरू झाला. ती चाळीसच्या आसपास चालवत होती. ब्रेक वळणाच्या आधी लागत होता, वळणावर पाय अलगद सैल होत होता, नाक आपोआप आत जात होतं; सगळं अगदी टॉर्करावांच्या शास्त्राप्रमाणे, फक्त कुणी बोलत नव्हतं. टॉर्करावांना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना सीटची पाठ दिसत होती, वरची उशी दिसत होती आणि उशीच्या दोन दांड्यांमधून बोटभर आकाश. आकाश डावीकडे गेलं, मग उजवीकडे गेलं. एक कठडा येऊन गेला. या सीटवर गुडघ्यांना जागा किती कमी आहे हे त्यांच्या आजवरच्या एकाही इम्प्रेशनमध्ये आलेलं नव्हतं.

"अगंबाई!" पुढून आई म्हणाल्या. "इथून धरण दिसतं होय! इतकी वर्षं येतेय या घाटातून."

"धोमचं आई. ते बघा पाणी. आणि तिकडे वाई," बायको म्हणाली.

"मला आपली ती उशीच दिसायची."

टॉर्करावांनी लक्ष दुसरीकडे न्यावं म्हणून मोबाइल काढला आणि मळ्यात काढलेला फोटो उघडला. तिसऱ्या वळणावर त्यांनी मोबाइल ठेवून दिला. चौथ्या वळणावर कपाळावर घाम आला. मुलगा त्यांच्याकडे बारकाईने बघत होता, आजारी माणसाकडे दुसरा जुना आजारी बघतो तसा.

"बाबा, लांब बघा. जवळचं बघू नका," तो म्हणाला. मग आजीच्या खांद्यावरून हात पुढे करून त्याने पिशवी मागून घेतली, तोंड उघडून, कडा बाहेर दुमडून, बापाच्या हातात दिली. "काच खाली करू?"

टॉर्करावांनी मान हलवली. बोलण्यासारखी परिस्थिती नव्हती.

वाईत घाट उतरल्या उतरल्या बायकोने गाडी एका रसवंतीसमोर सावलीत घेतली. आईंनी आवळा सुपारीची डबी मागे दिली. सगळे खाली उतरले, रस झाला, टॉर्करावांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. एका पायावर उड्या मारत ते गाडीपाशी आले आणि पुढचं डावं दार उघडायला हात घातला. आता घाट संपला होता, हायवे होता, पाय खाली ठेवला तरी चालण्यासारखं होतं.

आई आत बसल्या होत्या. पट्टासुद्धा लावून.

"गाडी चांगली आहे हो," त्या सुनेला म्हणत होत्या. "उगाच नावं ठेवत होते मी."